दर्जा वर्षांनी मिळतो, चार्ज मिळवावा लागतो: महिला आयपीएस अधिकाऱ्याचं करिअर नेमकं कसं चालतं

जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालक झाल्या, तेव्हा प्रत्येक बातमीत एकच शब्द ठळक छापला होता: पहिल्या. राज्य स्थापन होऊन तोवर ६३ वर्षं झाली होती, आणि देशाला पहिली महिला आयपीएस अधिकारी मिळून ५० हून जास्त. मग इतका उशीर का? ‘बायकांना वर जाऊ देत नाहीत’ हे उत्तर लगेच तोंडावर येतं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. पोलीस खात्यात वर जाणं हे बरंचसं नोकरीच्या वर्षांवर अवलंबून असतं आणि तिथे बाई-पुरुष असा भेद नियमात नाही. अडतं ते भलतीकडेच.

आधी साधा हिशेब करू. किरण बेदी १९७२ मध्ये आयपीएसमध्ये आल्या, त्या पहिल्या. कांचन चौधरी भट्टाचार्य पुढच्याच म्हणजे १९७३ च्या तुकडीतल्या. महासंचालक दर्जासाठी साधारण ३० वर्षांची नोकरी लागते. म्हणजे २००२ च्या आधी कुठल्याही राज्यात महिला महासंचालक होणं कागदावरसुद्धा शक्य नव्हतं. कांचन चौधरी २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या पहिल्या. वेळेचा हिशेब तिथे चोख जुळला. महाराष्ट्रात मात्र तो २० वर्षांनी चुकला. त्या २० वर्षांत महाराष्ट्र केडरमध्ये, म्हणजे या राज्याच्या वाट्याला आलेल्या आयपीएस अधिकाऱ्यांत, त्या तोडीच्या महिला अधिकारी नव्हत्या असंही नाही. १९८१ च्या तुकडीतल्या मीरां बोरवणकर महासंचालक दर्जापर्यंत पोचल्या आणि २०१७ मध्ये त्याच दर्जावर निवृत्तही झाल्या. फक्त तेव्हा त्या दिल्लीत, केंद्राच्या पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोच्या प्रमुख होत्या. दर्जा महासंचालकाचा, पण हाताखाली राज्याचं पोलीस दल नाही. दर्जा आणि चार्ज, म्हणजे प्रत्यक्ष हातात दिलेली जबाबदारी, यांतला हा फरक एकदा समजला की बाकीचं सगळं भराभर उलगडतं.

खांद्यावर काय आणि ते कधी

आयपीएसची सुरुवात यूपीएससीच्या परीक्षेने होते. या परीक्षेत महिलांसाठी राखीव जागा नाहीत. महाराष्ट्रात शिपाईभरतीत महिलांना ३० टक्के जागा आहेत, पण आयपीएसचं दार वेगळं. निवड झाली की मसुरीत सगळ्या सेवांबरोबर पायाभूत प्रशिक्षण आणि मग हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी. तिथे कायदा, तपास, फॉरेन्सिक यांच्या जोडीला परेड, घोडेस्वारी, पोहणं, शस्त्रं, लांबच लांब पल्ल्याच्या दौडी. नंतर केडर, म्हणजे कुठल्या राज्यात अख्खी नोकरी काढायची ते. इथे आवडीनिवडीला जागा थोडी आणि नशिबाला जास्त. बोरवणकर पंजाबातल्या फाजिल्काच्या, आल्या महाराष्ट्रात. अशा अधिकाऱ्याला मराठी शिकावी लागते आणि तिची परीक्षाही द्यावी लागते, कारण फिर्याद मराठीत, स्टेशन डायरी मराठीत आणि ठाण्यात रडत येणारी बाईही मराठीतच बोलणार. गोव्याचं स्वतंत्र केडर नाही. तो अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या एकत्र केडरमध्ये मोडतो, त्यामुळे आज पणजीत असलेली अधिकारी उद्या दिल्लीत किंवा इटानगरलाही दिसू शकते.

मग जिना सुरू. चार वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, म्हणजे जिल्ह्याची पोलीस अधीक्षक होण्याची पात्रता. १३ वर्षांनी निवडश्रेणी, १४ वर्षांनी उपमहानिरीक्षक, १८ वर्षांनी महानिरीक्षक, २५ वर्षांनी अप्पर महासंचालक, ३० वर्षांनी महासंचालक. ही किमान वर्षं. जागा रिकामी नसेल तर थांबावं लागतं, आणि दरवर्षीचा गोपनीय अहवाल खराब असेल किंवा खातेनिहाय चौकशी चालू असेल तर अडकावंही लागतं. पण स्वच्छ नोकरी केलेली अधिकारी या पायऱ्या पुरुषांच्याच वेगाने चढते. खांद्यावरून ओळखायचं तर तीन तारे म्हणजे सहायक अधीक्षक. अधीक्षक झाल्यावर अशोकस्तंभ आणि एक तारा. अशोकस्तंभाखाली तीन तारे दिसले की उपमहानिरीक्षक. तलवार आणि बॅटनची फुली दिसली की समोरची व्यक्ती महानिरीक्षक किंवा त्याहून वरची.

सामान्य माणसाचा गोंधळ होतो तो पदनामांत. जिल्ह्यात जी ‘पोलीस अधीक्षक’, तीच शहरात ‘पोलीस उपायुक्त’. उपमहानिरीक्षक दर्जाची अधिकारी मुंबई-पुण्यात ‘अपर पोलीस आयुक्त’ म्हणवते, महानिरीक्षक दर्जाची ‘सह पोलीस आयुक्त’. नुसतं ‘आयुक्त’ म्हटलं तर कुठल्या शहराचे ते विचारायला हवं. पुण्याचे आयुक्त अप्पर महासंचालक दर्जाचे असतात, लहान शहराचे त्याहून एक-दोन पायऱ्या खालचे. त्यामुळे ‘अमक्या मॅडम आयुक्त झाल्या’ या बातमीतून दर्जा कळतोच असं नाही.

दर्जा म्हणजे नुसता मान आणि पगार नव्हे, हेही सांगायला हवं. मोक्का घ्या. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा १९९९ चा. या कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा तर किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते, आणि विशेष न्यायालयाने दखल घ्यावी यासाठी अप्पर महासंचालक दर्जाची परवानगी. ठाण्याच्या निरीक्षकाने कितीही जोर लावला तरी या दोन सह्या झाल्याशिवाय प्रकरण उभं राहत नाही. म्हणजे दर्जा वाढला की कायद्याने हातात काहीतरी नवीन येतं. प्रश्न एवढाच की ते वापरायची वेळ येईल अशा खुर्चीवर बसवतात का.

चार्ज कोणाच्या हातात

खात्यात दोन शब्द सर्रास ऐकू येतात: एक्झिक्युटिव्ह आणि साइड ब्रँच. एक्झिक्युटिव्ह म्हणजे जिथे ठाणी, तपास, बंदोबस्त हाताखाली असतात: जिल्ह्याचं अधीक्षकपद, शहरातलं परिमंडळ (काही ठाण्यांचा गट), परिक्षेत्र (काही जिल्ह्यांचा गट), गुन्हे शाखा, आयुक्तालय. साइड ब्रँच म्हणजे प्रशिक्षण केंद्र, बिनतारी संदेश, मोटार परिवहन, नागरी हक्क संरक्षण, गृहनिर्माण, तुरुंग, होमगार्ड. कामं सगळीच गरजेची. पण राजकारण्याला, पत्रकाराला आणि खुद्द पोलिसाला विचाराल तर वजन पहिल्या यादीला.

अधीक्षकाचा चार्ज म्हणजे काय असतं ते मासिक गुन्हे आढावा बैठकीत बसलं की दिसतं. जिल्ह्यातल्या पंचवीस-तीस ठाण्यांचे प्रभारी रांगेत बसलेले. प्रत्येकासमोर आकड्यांचा तक्ता. भाग १ ते ५ चे, म्हणजे खून-चोरी-मारामारीसारखे गुन्हे किती दाखल, किती उघड, भाग ६ मध्ये दारू-जुगाराच्या केसेस किती, अकस्मात मृत्यूच्या चौकशा किती पडून, बेपत्ता मुलींपैकी किती मिळाल्या, वॉरंट-समन्सची बजावणी, मुद्देमालाची निर्गती, हद्दपारीचे प्रस्ताव. एखाद्या ठाण्यात उघड झालेल्या घरफोड्यांचं प्रमाण अचानक वाढलेलं दिसलं तर तपास चांगला झाला, की फिर्यादीच नोंदवून घेतल्या नाहीत? हे ओळखायला अनुभवी नजर लागते आणि ती नजर याच खुर्चीत तयार होते. पुढे परिक्षेत्र किंवा आयुक्तालय देताना ‘जिल्हे किती केले?’ हा पहिला प्रश्न असतो. ज्या बाईला दोनच जिल्हे मिळाले, तिचं उत्तर पाच जिल्हे केलेल्या पुरुषापुढे कमी पडतं, दोघांच्या खांद्यावर सारखंच काही असलं तरी.

चार्ज देतं कोण? महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा. त्यात नंतर केलेल्या दुरुस्तीनुसार आयपीएस अधिकाऱ्याच्या बदलीचा सक्षम प्राधिकारी मुख्यमंत्री. एका जागी साधारण दोन वर्षं, असंही तिथे लिहिलं आहे. पण ‘जनहित’ आणि ‘प्रशासकीय निकड’ या दोन शब्दांच्या आधारे मुदतीआधीही बदली करता येते, आणि हे शब्द किती लवचिक आहेत ते सांगायला नको. बदलीचा आदेश म्हणजे एक तक्ता: नाव, सध्याचं पद, नवीन पद. हा तक्ता संध्याकाळी उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो आणि अर्ध्या तासात अख्ख्या राज्याला कळतं की कोण कुठे. सगळ्यात बोचणारं वाक्य तक्त्याच्या खाली असतं: अमुक अधिकाऱ्यांच्या पदस्थापनेचे आदेश स्वतंत्रपणे निर्गमित करण्यात येतील. मतलब, खुर्ची गेली आणि नवी मिळालेली नाही. पगार चालू, गाडी-घर बहुतेक चालू, काम शून्य. आयपीएस अधिकारी याविरुद्ध केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जाऊ शकते. थोडे जातात. सरकारशी भांडून मिळवलेली खुर्ची फार दिवस मऊ राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

कर्नाटकातलं एक उदाहरण देतो. जुलै २०१७ मध्ये तिथल्या तुरुंग विभागाच्या उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात काही बड्या कैद्यांना खास सवलती मिळतात असा आरोप करणारा अहवाल वरिष्ठांना दिला. काही दिवसांतच त्यांची वाहतूक आणि रस्ता सुरक्षा विभागात बदली झाली. दर्जा तोच राहिला, एक ताराही उतरला नाही. आपल्याकडे शिक्षा अशीच दिली जाते, आणि तिला कागदोपत्री शिक्षा म्हणता येत नाही.

बोरवणकरांचा प्रवास, टप्प्याटप्प्याने

आता हे सगळं एका खऱ्या करिअरवर ठेवून पाहू. मीरां बोरवणकरांचं उदाहरण घेतो, कारण त्यांच्या वाट्याला दोन्ही याद्यांतली पदं आली आणि प्रत्येक पद काहीतरी शिकवतं.

१९८७ ते १९९१ मुंबईत पोलीस उपायुक्त. मुंबईतल्या टोळ्यांचा तो ऐन भराचा काळ. महिला अधिकारी तेव्हा एवढ्या थोड्या की हवालदाराला सॅल्यूट करताना ‘सर’ म्हणावं की ‘मॅडम’ असा प्रश्न पडे. पुढे १९९३ ते ९५ राज्य गुन्हे अन्वेषण विभागात. वरवर पाहता सीआयडी म्हणजे फाइलींचं खातं. पण १९९४ मध्ये जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं आणि तपासात त्यांच्यावर मोठी जबाबदारी आली. त्या प्रकरणात अडचण पुरावा गोळा करण्याची कमी आणि मुलींना व त्यांच्या घरच्यांना बोलतं करण्याची जास्त होती. लहान शहर, अब्रूची भीती, आरोपींत वजनदार माणसं. तक्रार द्यायला कुणी पुढे यायला तयार नाही. अशा वेळी समोर बाई अधिकारी असण्याचा उपयोग होतो, हे खात्याने तेव्हा पाहिलं. त्याचा एक तोटाही झाला, बोरवणकरांचा नव्हे पण एकूण महिला अधिकाऱ्यांचा: ‘बायकांच्या केसेस बायकांना द्या’ ही सोयीची सवय घट्ट झाली. महिला अत्याचार प्रतिबंध विभाग म्हटला की आजही यादीत आधी महिलांचं नाव शोधलं जातं. दरोड्याच्या, आर्थिक घोटाळ्याच्या तपासाला मात्र तसं कुणी शोधत नाही.

१९९६ ते ९९ त्या साताऱ्याच्या पोलीस अधीक्षक होत्या. एका जिल्ह्यात तीन वर्षं म्हणजे आजच्या मानाने चैनच. त्यानंतर प्रतिनियुक्तीवर सीबीआय: मुंबईत आर्थिक गुन्हे, दिल्लीत भ्रष्टाचारविरोधी काम. प्रतिनियुक्ती म्हणजे राज्याच्या केडरमधून काही वर्षं केंद्राच्या संस्थेत उसनं जाणं. अधिकारी त्याकडे दोन कारणांनी बघतात. एक, नवं काम शिकायला मिळतं. दुसरं कारण दबक्या आवाजात सांगितलं जातं: राज्यात हवा बिघडली असेल तर तेवढी वर्षं निभावून जातात.

मग २००४ च्या सुमारास मुंबई गुन्हे शाखेचं प्रमुखपद, सह पोलीस आयुक्त, गुन्हे. इथे पोचणाऱ्या त्या पहिल्या महिला. हे पद का मोठं? मुंबईच्या क्राइम ब्रँचला अख्ख्या शहरात कुठल्याही ठाण्याच्या हद्दीतला गुन्हा तपासता येतो. खबऱ्यांचं जाळं तिच्याकडे. टोळ्यांशी थेट गाठ तिची. त्यातून तेव्हा तेलगी मुद्रांक घोटाळ्यात मुंबई पोलिसांतल्या बड्या अधिकाऱ्यांना अटक होऊन गेली होती आणि चकमकींत टोळीवाल्यांना मारणाऱ्या अधिकाऱ्यांचं वलय अजून विरलं नव्हतं. अशा शाखेत बाहेरून, सीबीआयची शिस्त घेऊन आलेली बाई प्रमुख म्हणून बसते तेव्हा तिला दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात, एक रस्त्यावरची आणि एक खालच्या मजल्यावरची. माझ्या मते त्यांच्या करिअरमधलं खरं वळण हेच. त्याआधीची पदं कुणाही हुशार अधिकाऱ्याला मिळाली असती. हे पद देताना सरकारला ‘बाईला जमेल का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा लागला.

२०१० ते २०१२ त्या पुण्याच्या पोलीस आयुक्त होत्या. जर्मन बेकरीचा स्फोट फेब्रुवारी २०१० मध्ये झाला होता, त्यामुळे शहराच्या मनात धास्ती होती. २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी स्वारगेट आगारातून एका एसटी चालकाने बस पळवली आणि भर रस्त्यात लोकांना चिरडत नेली. नऊ जण गेले. अशा घटनेत पहिल्या तासात आयुक्ताने काय करायचं असतं याचं पुस्तक नसतं. नियंत्रण कक्षातून वाहन कुठे आहे ते घ्यायचं, रस्ते रिकामे करायचे, गोळीबाराचा निर्णय कोण घेणार ते ठरवायचं, रुग्णालयांना कळवायचं, आणि दुपारपर्यंत पत्रकारांसमोर उभं राहायचं. शिवाय पुण्याचा आयुक्त म्हणजे दरवर्षी गणपती विसर्जन. मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकापर्यंत रेंगाळणारी, दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणारी ती मिरवणूक. मंडळांच्या कार्यकर्त्यांशी आधी महिनाभर बैठका, मानाच्या गणपतींचा क्रम, आवाजाची मर्यादा, प्रत्येक चौकातला बंदोबस्त. जिथे खोळंबा होईल तिथे आयुक्त स्वतः येऊन उभ्या राहिल्या तर गाडं पुढे सरकतं. ही कला कुठल्याही अकादमीत शिकवत नाहीत.

त्यानंतर अप्पर महासंचालक, तुरुंग. यादी दुसरी, साइड ब्रँच. गंमत अशी की त्यांच्या नोकरीतल्या सगळ्यात जड जबाबदाऱ्या इथेच आल्या. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच तुरुंगांत आहे, येरवडा आणि नागपूर. २१ नोव्हेंबर २०१२ ला अजमल कसाबला येरवड्यात फाशी झाली, ३० जुलै २०१५ ला याकूब मेमनला नागपुरात. दोन्ही वेळा राज्याच्या तुरुंग विभागाच्या प्रमुख बोरवणकर होत्या. कसाबच्या वेळी अंमलबजावणी होईपर्यंत बाहेर शब्द फुटू न देणं हेच मोठं काम होतं. मेमनच्या वेळी उलट: सर्वोच्च न्यायालयात त्याच पहाटेपर्यंत सुनावणी चालू, अख्खा देश जागा, आणि नागपुरात तयारी ठरल्या वेळेला पूर्ण. साइड ब्रँच म्हणून हिणवलेल्या खात्यात काय वाढून ठेवलेलं असतं ते यावरून दिसावं. किरण बेदींच्या बाबतीतही असंच घडलं होतं. १९९३ मध्ये त्यांना तिहारवर धाडलं तेव्हा ती अडगळीतली नेमणूक समजली जात होती; पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिशी ते चाळिशी

आता ज्या गोष्टीबद्दल खात्यात उघड बोललं जात नाही ती. यूपीएससीतून येणारी मुलगी नोकरीत येते साधारण २५ ते २८ व्या वर्षी. प्रशिक्षण, उपविभाग, अपर अधीक्षक असं करत जिल्हा हातात येतो ३२ ते ३८ च्या दरम्यान. मुलंबाळं होण्याची वर्षंही तीच. प्रसूती रजा १८० दिवसांची आहे, आणि मुलं १८ वर्षांची होईपर्यंत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा. नियम चांगले आहेत. पण जिल्ह्याच्या चार्जवर असलेल्या अधीक्षकाने सहा महिने रजा घेतली तर तो चार्ज दुसऱ्याकडे जातो, आणि परतल्यावर तोच जिल्हा मिळेल असं कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे अनेकजणी या काळात आपणहून प्रशिक्षण केंद्र किंवा मुख्यालय मागून घेतात. त्याला कुणी अन्याय म्हणत नाही, कारण अर्ज तिचाच असतो. १० वर्षांनी ‘जिल्हे किती केले?’ हा प्रश्न येतो तेव्हा तो अर्ज कुणाला आठवत नाही.

नवरा अखिल भारतीय सेवेत असेल तर लग्नाच्या कारणावरून केडर बदलून एकत्र राहता येतं, फक्त बदलून स्वतःच्या मूळ राज्यात जाता येत नाही. नवरा डॉक्टर, प्राध्यापक किंवा व्यावसायिक असेल तर ही सवलत नाही. मग एक तर तो गावोगाव फिरतो, नाही तर दोन घरं.

आणि गणवेशाने सगळंच संरक्षण मिळतं या भ्रमात राहू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये तमिळनाडूत मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तात एका महिला अधीक्षकाने थेट विशेष महासंचालक दर्जाच्या वरिष्ठावर लैंगिक छळाचा आरोप केला. तक्रार द्यायला चेन्नईला निघाली तर वाटेत तिची गाडी अडवली गेली. जून २०२३ मध्ये खालच्या न्यायालयाने त्या वरिष्ठाला तीन वर्षांची शिक्षा ठोठावली, आणि गाडी अडवणाऱ्या अधीक्षकाला ५०० रुपये दंड. जिल्ह्याची प्रमुख, पोलीस दलातली आयपीएस, तिला जर आपल्याच खात्यात तक्रार देण्यासाठी रस्त्यावर झगडावं लागलं, तर रात्रपाळीच्या महिला शिपायाचं काय होत असेल? देशाच्या पोलीस दलांत महिला सुमारे १२ टक्के, आणि त्यातल्या बहुतेक खालच्या पायऱ्यांवर आहेत.

सगळ्यात वरची खुर्ची

राज्याचा पोलीस प्रमुख कसा निवडायचा हे सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात घालून दिलं. यूपीएससी राज्यातल्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून तिघांची यादी करते, त्यातून राज्य सरकार एकाची निवड करतं, आणि त्या व्यक्तीला निवृत्तीचं वय झालं तरी किमान दोन वर्षं द्यायची. पुढे २०१९ मध्ये न्यायालयाने खुलासा केला की यादीत यायचं तर निवृत्तीला किमान सहा महिने उरलेले हवेत. म्हणजे ज्येष्ठता, गोपनीय अहवाल, अनुभव या सगळ्याबरोबर जन्मतारीखही महत्त्वाची ठरते. रश्मी शुक्लांची साठी जून २०२४ च्या अखेरीस, पद रिकामं झालं २०२३ च्या अखेरीस: जेमतेम सहा महिने. पद आणखी दोन महिन्यांनी रिकामं झालं असतं तर ‘पहिल्या महिला’ कोण ते सांगता आलं नसतं. जन्मतारखेचा उलटा फटका बसलेलं उदाहरणही आहे. १९८३ च्या तुकडीतल्या रीना मित्रा सीबीआय संचालकपदाच्या शर्यतीत होत्या. निवड समितीचा निर्णय लांबला, त्या ३१ जानेवारी २०१९ ला निवृत्त झाल्या, आणि नेमणूक फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांत दुसऱ्या अधिकाऱ्याची झाली.

तिघांच्या यादीत नाव असणं पुरेसं नाही, हे केरळने २०२१ मध्ये दाखवलं. बी. संध्या यांचं नाव यादीत होतं. निवड अनिल कांत यांची झाली. किरण बेदींना २००७ मध्ये दिल्लीचं आयुक्तपद मिळालं नाही, ते त्यांच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याला गेलं, आणि त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. उलट तमिळनाडूत लतिका सरन २००६ मध्ये चेन्नईच्या आयुक्त आणि २०१० मध्ये राज्याच्या महासंचालक झाल्या. सरकारच्या मनात असलं की नियम आड येत नाहीत, आणि मनात नसलं की नियमातच कारण सापडतं.

शुक्लांच्या बाबतीत तर हा खेळ दोन्ही बाजूंनी झाला. २०१६ ते २०१८ पुण्याच्या आयुक्त, मग राज्य गुप्तवार्ता विभाग. सरकार बदललं, त्यांच्यावर फोन टॅपिंगचे दोन गुन्हे दाखल झाले. पुन्हा सरकार बदललं; मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ते गुन्हे रद्द केले. त्याच वर्षी त्या केंद्राच्या सशस्त्र सीमा बलाच्या प्रमुख होत्या, आणि पुढच्या जानेवारीत राज्याच्या महासंचालक. जून २०२४ मध्ये साठी झाली तरी दोन वर्षांच्या नियमाने मुदत जानेवारी २०२६ पर्यंत गेली. मध्येच नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, विरोधी पक्षांच्या तक्रारीनंतर, निवडणूक आयोगाने त्यांना पदावरून हटवायला लावलं आणि संजय वर्मा यांना आणलं. निकाल लागल्यावर काही दिवसांतच शुक्ला परत त्याच खुर्चीवर. पुरुष महासंचालकांच्या वाट्यालाही असं राजकारण येतंच, त्यामुळे याचं खापर बाईपणावर फोडण्यात अर्थ नाही. वरच्या मजल्यावर गेल्यावर बाई-पुरुष हा प्रश्न मागे पडतो आणि कोणाचं माणूस हा प्रश्न पुढे येतो, एवढंच.

पुण्याला एव्हाना दोन महिला आयुक्त मिळाल्या. मुंबईला २०२५ पर्यंत एकही नाही, आणि मुंबईचं आयुक्तपद तीन नावांच्या यादीतून भरलं जात नाही. ते सरकार थेट ठरवतं.